पैठणचा राजा शालिवाहन



मागे आपल्या धर्मग्रामातील एका घरची लग्नपत्रिका आमच्या हाती आली. वर क्रूस, त्याखाली पवित्र शास्त्रातील वचन, वधूवरांची नावे, मिस्साची वेळ, सर्व जिथल्या तिथे होते. फक्त तारखेच्या पुढे छापखान्याने आपल्या नेहमीच्या सवयीने मिती आणि शालिवाहन शके घालून टाकले होते. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली. हे आपले नव्हे, खोडून टाका, असे तरुण मंडळींचे म्हणणे पडले. आजोबांचे म्हणणे असे की मृग कधी निघाला हे पंचांगात बघूनच आपण जन्मभर पेरण्या केल्या, मग आता लाज कसली. शेवटी नवरीच्या धाकट्या बहिणीने विचारले की हा शालिवाहन होता तरी कोण? तेव्हा सगळे गप्प झाले. खरे सांगायचे तर आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही. त्या मुलीचे आम्ही देणे लागतो, म्हणून आजचे हे पान.

शालिवाहन हा आपल्याच जिल्ह्याचा राजा. त्याची राजधानी पैठण, म्हणजे जुने प्रतिष्ठान, गोदावरीच्या काठी. नाथषष्ठीच्या दिंड्या जिथे जातात, जायकवाडीचा नाथसागर जिथे आहे, तेच गाव. त्याचे चरित्र आपल्याला दोन ठिकाणी सापडते. एक लोकांच्या तोंडी आणि जुन्या कथाग्रंथांत, दुसरे दगडावर आणि नाण्यांवर. ही दोन चरित्रे एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. तरी आधी पहिले सांगतो, कारण ते अधिक रसाळ आहे आणि लोकांच्या मनात तेच आहे.

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी नावाचे एक जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी ठिकठिकाणच्या तीर्थांची माहिती लिहून ठेवली, तीत पैठणची हकिकत येते. ती अशी. परगावचे दोन ब्राह्मण भाऊ आपल्या विधवा बहिणीला घेऊन पैठणला आले आणि एका कुंभाराच्या झोपडीत राहिले. भाऊ दिवसभर भिक्षा मागून धान्य आणीत, बहीण रांधून घाली. एके दिवशी ती गोदावरीवर पाण्याला गेली असता डोहात राहणाऱ्या शेष नागाची तिच्यावर नजर गेली. त्याने माणसाचे रूप घेतले आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला आपली केली. जाताना, संकटात माझी आठवण कर, मी धावून येईन, एवढे वचन देऊन तो पाण्यात नाहीसा झाला.

पुढे तिला दिवस गेले. भावांनी तिला काही विचारले नाही, तिचे काही ऐकले नाही. थोरल्याला धाकट्याचा संशय आला, धाकट्याला थोरल्याचा, आणि दोघेही रात्रीतून तिला टाकून निघून गेले. कथा त्यांचे नावही घेत नाही. तिला आसरा राहिला तो कुंभाराच्या घराचा. लोकांच्या घरी कामे करून तिने दिवस काढले आणि तिथेच मुलगा झाला. आपल्याकडे गावोगावी अशा बाया आहेत आणि असे भाऊही आहेत, त्यामुळे ही गोष्ट वाचताना नागापेक्षा त्या भावांकडेच आमचे लक्ष जास्त जाते.

मुलगा कुंभाराच्या अंगणात वाढला. चिखल हेच त्याचे खेळणे. सवंगड्यांत तो राजा होई आणि मातीचे हत्ती, घोडे, रथ करून एकेकाला वाहन म्हणून बक्षीस देई. या दानावरून त्याचे नाव सातवाहन पडले, असे ही कथा सांगते. सातवाहनाचे लोकांच्या बोलीत सालाहण झाले आणि पुन्हा संस्कृतात जाताना त्याचे शालिवाहन झाले. आंध्र-तेलंगणातील कुंभार समाज आजही स्वतःला शालिवाहन म्हणवतो, तो याच नात्याने.

त्याच्या शहाणपणाची एक गोष्ट तर थेट शलमोन राजाच्या पंक्तीला बसावी अशी आहे. एक श्रीमंत माणूस मरताना चार मुलांना सांगून गेला की माझ्या खाटेच्या चार पायांखाली चार भांडी पुरली आहेत, ती एकेकाने घ्या आणि भांडू नका. खणून पाहतात तो एकात माती, एकात कोंडा, एकात हाडे आणि एकात कोळसे. काही ठिकाणी कोळशांच्या जागी सोनेच सांगतात. मुले उज्जैनच्या विक्रमराजाकडे गेली, तिथे कोणाला उलगडा होईना. फिरत फिरत ती पैठणला आली. कुंभारवाड्यातला पोरगा सहज बोलून गेला की मातीवाल्याला जमीन, कोंडेवाल्याला धान्य, हाडेवाल्याला गुरेढोरे आणि चौथ्याला सोनेनाणे, अशी बापाने वाटणी केली आहे. एका घरात चार भाऊ असले की बांधावरून काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलखात इतकी वर्षे का टिकली, हे त्यावरून ध्यानात येते.

हा निवाडा विक्रमाच्या कानी गेला. पैठणला एक मुलगा राजा होणार, असे ज्योतिषांनी त्याला आधीच सांगून ठेवले होते. हेरोद राजाची गोष्ट आपण दर नाताळात ऐकतो. राजेलोकांची धास्ती सगळीकडे सारखीच असावी. विक्रमाने मोठी फौज घेऊन पैठणला वेढा दिला. मुलगा तेव्हाही मातीत खेळत होता. आईने डोहाकाठी जाऊन नागाची आठवण केली, त्याने अमृताचा घडा दिला. मुलाने ते अमृत मातीच्या सैन्यावर शिंपडले आणि हत्ती, घोडे, शिपाई जिवंत होऊन उठले. विक्रम पळाला. तापीपर्यंतचा मुलूख शालिवाहनाचा झाला. आपल्या शेजाऱ्यांच्या घरी पाडव्याला गुढी उभारतात, तिच्या अनेक कारणांत हा विजयही एक कारण म्हणून सांगितला जातो.

राजा झाल्यावरचा शालिवाहन मात्र वेगळाच दिसतो. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागर हा मोठा कथासंग्रह लिहिला. त्यात तो पराक्रमी आहे, पण अडाणी आहे. एकदा राण्यांबरोबर पाण्यात खेळत असता थकलेल्या राणीने पाण्याने मारू नका, असे संस्कृतात म्हटले. मा आणि उदकैः हे शब्द जोडून मोदकैः झाले. राजाला वाटले, हिला मोदक हवेत, आणि त्याने ताटभर मोदक आणवले! राणी हसली. भरल्या दरबारी माणसाला आपण शिकलेले नाही हे कळावे, तसे त्याला झाले. तो अंथरुणाला खिळला, कोणाशी बोलेना.

तेव्हा गुणाढ्य नावाचा पंडित म्हणाला की सहा वर्षांत मी तुम्हाला व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा नावाचा दुसरा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. असे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली तिन्ही सोडीन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि तो हरला. शर्ववर्म्याने सोपे केलेले ते व्याकरण कातंत्र या नावाने पुढे खरोखरच देशभर शिकवले गेले. गुणाढ्य रानात निघून गेला. तिथे उरलेल्या एकाच भाषेत, पैशाचीत, त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि राजाकडे पाठवली. नव्याने शिकलेल्या राजाने ती पिशाचांची भाषा म्हणून नाकारली. मग गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि अग्नीत टाकू लागला. जनावरे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली, वाळून गेली. राजाच्या ताटात कोरडे मांस येऊ लागले तेव्हा कारण शोधता शोधता तो रानात पोचला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेले एक लाख त्याने मागून घेतले.

आम्हाला शालिवाहनाच्या साऱ्या गोष्टींत ही सर्वांत खरी वाटते. घडली म्हणून नव्हे. कुंभाराच्या अंगणात वाढलेल्या माणसाने चार बुके शिकल्यावर दुसऱ्याच्या बोलीला नाक मुरडावे, हे आपण आपल्या घरातही पाहतो. शहरात शिकून आलेली मुले आजीचे बोलणे ऐकून हसतात ना, तसेच.

आणखी एक लहानशी हकिकत जैन परंपरेत आहे. कालकाचार्य पैठणला आले तेव्हा पर्युषणाचा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीचा होता, पण त्याच दिवशी राजाच्या नगरात इंद्राचा उत्सव. राजाने विनंती केली आणि आचार्यांनी पर्युषण चतुर्थीला आणले. श्वेतांबर जैनांपैकी पुष्कळ जण आजही संवत्सरी चतुर्थीला पाळतात. ईस्टर कोणत्या रविवारी धरावा, यावर आपल्या ख्रिस्तसभेत इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेपर्यंत आणि त्यानंतरही किती खल झाला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता दगडावरचे चरित्र.

सातवाहन नावाचे राजघराणे खरोखर होते. इसवी सनाच्या आधीपासून नंतरच्या दोन-सव्वादोन शतकांपर्यंत त्यांनी दख्खनवर राज्य केले. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने दुसऱ्या शतकात पैठणची नोंद पुळुमावी राजाची राजधानी म्हणून केली आहे. त्याच्याआधी, पहिल्या शतकात, एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले की भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून गाड्या भरभरून मौल्यवान दगड येतात. म्हणजे प्रेषित गावोगाव सुवार्ता सांगत हिंडत होते त्याच शतकात पैठणच्या गाड्या भडोचच्या वाटेने जात होत्या आणि तो माल रोमी साम्राज्याच्या बाजारात उतरत होता.

या घराण्यात गौतमीपुत्र सातकर्णी नावाचा मोठा राजा झाला. त्याने नहपान या शक क्षत्रपाचा पराभव केला. हे नुसते सांगण्यापुरते नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाचा मुखवटा खाली, जिंकलेल्याची खूण वर. त्याची आई गौतमी बलश्री हिने तो गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, नाशिकच्या लेण्यात लेख कोरवला. त्यात तिने मुलाला शक, यवन आणि पहलव यांचा संहारक म्हटले आहे. राजाचे नाव आईवरून, आणि त्याची कीर्ती लिहिणारीही आईच. कुंभारवाड्यातल्या त्या एकट्या आईची कथा इथूनच कुठून तरी उगवली असेल काय, असे आम्हाला उगाच वाटून जाते. याला पुरावा नाही.

मग शालिवाहन कोण? या नावाचा एकच एक राजा इतिहासाला सापडत नाही. सबंध घराण्याचे नाव लोकांनी एका माणसाला दिले, आणि चार-साडेचारशे वर्षांचे पराक्रम, विद्या, दाने त्याच्या एका आयुष्यात भरली. त्याच घराण्यातील हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे. सुमारे सातशे गाथा, त्याही महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत. त्यांत शेत आहे, पाऊस आहे, गोदाकाठ आहे, सासुरवाशिणी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मराठीचे प्राचीनत्व दाखवताना या ग्रंथाचा आधार घेतला गेला होता. हे आपले नव्हे म्हणणाऱ्या तरुण मंडळींनी एवढे लक्षात घ्यावे की आपण मिस्सेत ज्या भाषेत प्रार्थना करतो तिचा हा जुना उगम आहे.

आणि तो शक? इ.स. ७८ पासून मोजली जाणारी ही कालगणना सातवाहनांनी सुरू केलेली नाही. त्यांच्या स्वतःच्या लेखांत अमुक राजाचे अमुक वर्ष एवढेच असते. या कालगणनेचा आरंभ विद्वान मंडळी कुशाण राजा कनिष्काशी किंवा पश्चिमेकडील शक क्षत्रपांशी जोडतात. बदामीच्या लेण्यात इ.स. ५७८ चा लेख आहे, तो शक राजाच्या राज्याभिषेकाला पाचशे वर्षे झाली असे सांगतो. शालिवाहनाचे नाव तिला चिकटले ते त्यानंतर कित्येक शतकांनी. थोडक्यात, ज्याने शकांना हरवले असे आपण म्हणतो त्याच्या नावावर शकांचीच कालगणना गेली! २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने ती राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारली, तिला मात्र नुसते शक म्हणतात.

यावर हसण्याआधी आपल्या सनाकडेही पाहावे. प्रभू येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची रीत प्रेषितांच्या काळी नव्हती. डायोनिसियस नावाच्या मठवासी संन्याशाने ती रोममध्ये इ.स. ५२५ मध्ये घालून दिली, आणि त्याचा हिशेब थोडा चुकला. हेरोद राजा इसवी सनापूर्वी चार वर्षे वारला, असे बहुतेक अभ्यासक मानतात, तेव्हा येशूचा जन्म त्याच्याही आधीचा धरावा लागतो. हिशेब चुकला म्हणून बेथलेहेमची गोष्ट खोटी ठरत नाही.

इथे एक नाजूक विषय आलाच आहे तर तो टाळून चालणार नाही. शालिवाहन राजाची आणि येशू ख्रिस्ताची हिमालयात भेट झाली, हे भविष्य पुराणात लिहिले आहे, असे सांगणारे कागद आणि मोबाइलवरचे संदेश आपल्या लोकांतही फिरतात. काही जण मोठ्या आनंदाने ते पुढे पाठवतात, कारण आपल्या प्रभूचे नाव पुराणात आहे याचा त्यांना अभिमान वाटतो. त्यांच्या श्रद्धेला आम्ही दोष देत नाही. पण ही साक्ष टिकणारी नाही. ते पुराण मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ साली छापले. त्याच्या ज्या भागात ही भेट येते त्याच भागात आदाम आणि नोहा येतात, इंग्रजांचे राज्य येते, कलकत्ता शहर येते. म्हणजे हा भाग इंग्रज आल्यानंतर कोणीतरी लिहिलेला आहे. शिवाय तिथला शालिवाहन विक्रमाचा नातू आहे, पैठणचा शालिवाहन विक्रमाचा वैरी. आणि शके ७८ चे धरले तर येशूच्या क्रूसावरील मरणाला तोवर पंचेचाळीसच्या वर वर्षे होऊन गेली होती. आपल्याला सोयीची आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची, आणि दुसऱ्याच्या गोष्टींना मात्र पुरावा मागायचा, हे आपल्याला शोभणारे नाही. तेव्हा हे कागद पुढे पाठवू नयेत, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

उलट उदाहरणही आहे. प्रेषित संत थॉमस यांच्या जुन्या कथेत गुदनफर नावाचा हिंदुस्थानचा राजा येतो. त्याने महाल बांधायला पैसे दिले आणि थॉमस यांनी ते गोरगरिबांना वाटून टाकले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. हा ग्रंथ पवित्र शास्त्रात नाही, आणि हा राजाही कल्पनेतला असावा, असे पुष्कळांना वाटे. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफरेस या राजाची नाणी सापडली आणि असा राजा होऊन गेला एवढे तरी ठरले. महालाची गोष्ट त्याने सिद्ध होत नाही. राजा मात्र खरा निघाला.

पैठणला गेलात तर जुन्या वस्तीत तीर्थखांब बघा. नक्षीदार दगडी खांब आहे. लोक तो शालिवाहनाचा म्हणतात, पण घडण पुष्कळ नंतरची आहे. त्याहून जवळ, आपल्याच कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. पिशोरहून एका दिवसात जाऊन येता येते. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, मुलांना सांभाळून न्यावे. तिथे सातवाहनांच्या काळचे छोटे छोटे लेख आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तराच्या व्यापाऱ्याने एक खांब दान दिला, पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दुसरा. मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरच्यांची दानेही आहेत. तिथे खणताना सापडलेली बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या तळहाताच्या मागच्या बाजूला कारागिराने आपले नाव कोरले आहे, कण्हदास, धंद्याने सोनार. शालिवाहनाचे नाव त्या डोंगरात कुठे नाही.

त्या लग्नपत्रिकेचे काय झाले, असे काहींनी विचारले आहे. ती तशीच वाटली गेली. शके कसे काढायचे हे मात्र आता त्या धाकट्या मुलीला पाठ झाले आहे. पाडव्यानंतरची तारीख असेल तर चालू सनातून ७८ वजा करायचे, आधीची असेल तर ७९. छापखान्याने एका वर्षाची चूक केली होती, तीही तिनेच काढली.